अहवालात ‘कामगाराची चूक’ लिहून झाल्यावर

कारखान्यातल्या अपघाताची बातमी बहुतेक वेळा एकाच वाक्यावर थांबते: प्राथमिक चौकशीत मानवी चूक आढळली. कन्व्हेयरमध्ये माल अडकला, कामगाराने पट्टा बंद न करता हात घातला, बोटं गेली. चूक त्याचीच, आणि तीही कागदोपत्री सिद्ध. त्यानंतर सगळ्यांना पुन्हा एकदा प्रशिक्षण दिलं जातं, भिंतीवर नवी पाटी लागते. काही महिन्यांनी दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या माणसाचा हात तिथेच अडकतो.

दुसरा माणूसही तेच करतो, तेव्हा कारण त्या एका माणसात शोधून भागत नाही. तिथे मानसशास्त्राचं काम सुरू होतं. मानसशास्त्र म्हटल्यावर अनेकांना समुपदेशन आठवतं. इथे अर्थ वेगळा आहे. माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं, सवय कशी लागते, वरिष्ठांसमोर माणूस काय बोलतो आणि काय गिळतो, याचं मोजून मिळवलेलं ज्ञान कामाच्या जागी वापरणं. हे ज्ञान विद्यापीठांत असतं आणि धोका कारखान्यात असतो, म्हणून दोघांनी एकत्र यावं लागतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास आणि थकवा यांचा अभ्यास झाला, तेव्हापासून हा प्रवास चालू आहे.

## सगळ्या चुका एका जातीच्या नसतात

घराबाहेर पडताना आपण चुकून दुसऱ्याच कुलपाची किल्ली लावतो. ही हाताची चूक. कुलूप लावायचंच राहून जातं, हा विसर. दार ओढलं की आपोआप बंद होतं असं वाटतं, पण होत नाही, हा चुकीचा समज. आणि ‘दोन मिनिटांत तर येतोय’ म्हणून जाणूनबुजून कुलूप न लावणं हा नियमभंग. परिणाम चारही वेळा एकच: घर उघडं. उपाय मात्र चार वेगळे. मँचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास ही विभागणी मांडली, आणि आज विमान वाहतुकीपासून रुग्णालयांपर्यंत अनेक चौकशांत ती वापरली जाते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. प्रशिक्षणाने फक्त चुकीचा समज दुरुस्त होतो. हात चुकणाऱ्याला काय करायचं ते आधीच ठाऊक असतं. त्याला वर्गात बसवून उपयोग नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यानंतर पायलट पंखांवरचे फ्लॅप मागे घ्यायच्या ऐवजी चाकं मागे घेत, आणि विमान पोटावर बसे. पायलट अनुभवी होते. अल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. चाकांच्या स्विचला छोट्या चाकाचा आकार दिला, फ्लॅपच्या स्विचला पाचरीचा. अंधारातही बोटांना फरक कळू लागला.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला उलट प्रकार घडला. व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पण पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, ‘बंद हो’ असा सिग्नल गेला की नाही एवढंच दाखवत होता. दिवा विझला, ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं, आणि दोन तासांहून जास्त वेळ भट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात राहिलं. इथे समज चुकला होता, आणि तो चुकवला होता दिव्याच्या मांडणीने.

## माहीत असूनही नियम का मोडतो?

सगळ्यांत जास्त संताप नियमभंगाचा येतो, आणि सगळ्यांत कमी समजून घेतला जातो तोही तोच. कन्व्हेयरचं उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

चालू पट्ट्यात हात घातल्यावर दहा हजारांत एकदा इजा होते असं धरा. एक कामगार पाळीत दहा वेळा हात घालतो, वर्षाचे कामाचे दिवस ३००. म्हणजे वर्षाला ३,००० वेळा. त्या हिशेबाने त्याच्या वाट्याला सरासरी तीन वर्षांहून जास्त काळाने एक इजा येते. तोवर रोज दहा वेळा त्याचा स्वतःचा अनुभव त्याला सांगतो की काही होत नाही. शिवाय पट्टा बंद करून, कुलूप लावून, माल काढून पुन्हा सुरू करायला दहा मिनिटं जात असतील, तर हात घातल्याचं बक्षीस लगेच मिळतं: दहा मिनिटं वाचली, फोरमन ओरडला नाही. माणसाची सवय लगेच आणि खात्रीने मिळणाऱ्या परिणामांवर घडते. दूरच्या, क्वचित घडणाऱ्या परिणामाची पाटी कितीही मोठी लावली तरी ती या रोजच्या शिकवणीपुढे टिकत नाही.

आता हाच हिशेब कारखान्याच्या बाजूने करा. असे ५० कामगार असतील तर वर्षाला दीड लाख वेळा हात, आणि सुमारे १५ इजा. जवळजवळ दर साडेतीन आठवड्यांनी एक. एकाच कृतीबद्दल कामगाराचा अनुभव म्हणतो ‘सुरक्षित’ आणि कारखान्याची नोंदवही म्हणते ‘घातक’. दोघंही आपापल्या जागी खरं सांगतात. ही दरी उपदेशाने भरत नाही. एक तर हात घालायची गरजच संपवावी लागते, म्हणजे माल अडकू नये अशी दुरुस्ती, किंवा जाळी उघडताच पट्टा थांबवणारा इंटरलॉक. किंवा मग योग्य रीतीने काम केल्याचा परिणाम लगेच दिसेल अशी सोय करावी लागते.

## पण यासाठी विद्यापीठ कशाला?

सेफ्टी ऑफिसर आहे, ऑडिट होतात, मग बाहेरचा माणूस काय वेगळं करणार? पहिलं उत्तर साधं आहे: त्याला लोक खरं सांगण्याची शक्यता जास्त असते.

उत्तर अमेरिकेतल्या एका बांधकामावरच्या ३८ कंत्राटदार कंपन्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विम्याच्या वैद्यकीय दाव्यांत दिसणाऱ्या इजा आणि कंपन्यांनी नियमाप्रमाणे नोंदवलेल्या इजा यांची संशोधकांनी तुलना केली. जिथे सुरक्षेचं वातावरण वाईट होतं तिथे नोंदवायला हव्यात अशा ८१ टक्के इजा नोंदल्याच गेल्या नव्हत्या. वातावरण चांगलं असलेल्या कंपन्यांतही हा आकडा ४७ टक्के होता. अशा नोंदवहीवरून निर्णय घेणं म्हणजे बिघडलेल्या थर्मामीटरवर औषध ठरवणं. संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत याचीच दुसरी बाजू दिसली: ज्या विभागांत प्रमुखाशी मोकळं बोलता येत होतं तिथे औषधांच्या चुकांची नोंद *जास्त* होती, कारण तिथे चूक कबूल करायला कुणी घाबरत नव्हतं. नोंदी वाढल्या म्हणून त्या विभागावर कारवाई केली असती, तर शिक्षा नेमकी चांगल्यांना झाली असती.

दुसरं उत्तर मोजमापाचं. इस्रायलमधल्या टेक्निऑन विद्यापीठातले डोव्ह झोहार यांनी १९८० साली २० कारखान्यांतल्या कामगारांना प्रश्न विचारून ‘सुरक्षा-वातावरण’ मोजता येतं हे दाखवलं. या शब्दाचा अर्थ एवढाच: इथे खरोखर कशाला महत्त्व आहे याबद्दल कामगारांचा सामाईक समज. धोरणाच्या फलकावर काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही. माल पाठवायची घाई असते तेव्हा सुपरवायझर काय करतो, धोका सांगितल्यावर दुरुस्ती किती दिवसांत होते, काम थांबवणाऱ्याला नंतर काय ऐकावं लागतं, असे प्रश्न असतात.

तिसरं कारण क्वचित बोललं जातं. अपघात हे मोजमापासाठी फारच तोकडं साधन आहे. एखाद्या प्लांटमध्ये वर्षाला सरासरी ६ अपघात होत असतील, तर काहीही न करता एखाद्या वर्षी ३ किंवा त्याहून कमी होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते. साधारण सहा-सात वर्षांतून एकदा ‘अपघात निम्म्यावर आले’ असं पोस्टर फुकट छापता येतं! म्हणून रोज घडणाऱ्या गोष्टी मोजाव्या लागतात: उंचीवर काम करताना सुरक्षा-पट्टा (हार्नेस) अडकवला का, धोक्याच्या कामाचं परवानगीपत्र (परमिट) कामाआधी भरलं की नंतर, थोडक्यात टळलेले प्रसंग, म्हणजे निअर मिस, किती जणांनी कळवले. त्यासाठी मोजण्याची शिस्त लागते, आणि विद्यापीठाकडे ती असते.

## प्रत्यक्षात काम कसं चालतं

सुरुवात करारापासून होते, आणि पुढची निम्मी भांडणं इथे टाळता येतात. कच्ची माहिती कुणाकडे राहील, निष्कर्ष कंपनीच्या विरोधात गेले तरी नाव न घेता प्रसिद्ध करता येतील का, आणि एखादी कृती पाहून कामगाराला शिक्षा होणार नाही याची लेखी हमी. भरलेल्या प्रश्नावल्या कंपनीच्या हाती जाता कामा नयेत. लहान गटाचे, समजा दहापेक्षा कमी लोकांचे, निकाल वेगळे दाखवू नयेत; चार फिटरांच्या गटात कोण काय बोललं हे ओळखायला वेळ लागत नाही. कामगार संघटना आणि कंत्राटदार पहिल्याच बैठकीला हवेत. कंत्राटी माणसं बहुतेकदा सगळ्यांत धोक्याचं काम करतात आणि प्रश्नावलीतून वगळली जातात.

मग दोन-तीन आठवडे फक्त पाहणं आणि ऐकणं. रात्रपाळीसकट. कागदावरची पद्धत आणि हातातली पद्धत कुठे वेगळी होते ते टिपायचं. त्यातून १५-२० कृतींची यादी निघते. यादीतलं प्रत्येक वाक्य डोळ्यांना दिसेल असं हवं. ‘काळजीपूर्वक काम करतो’ हे मोजता येत नाही. ‘शिडीचा पाया बांधलेला आहे’ हे येतं. दोन निरीक्षकांनी एकाच वेळी, एकमेकांचं न पाहता टिपणं करायची. दहापैकी किमान आठ-नऊ वेळा जुळली नाहीत तर दोष यादीच्या शब्दांत आहे, ती पुन्हा लिहायची.

यानंतर काही आठवडे काहीही न बदलता नुसतं मोजायचं. व्यवस्थापनाला हा टप्पा वेळेचा अपव्यय वाटतो आणि तो गाळायचा दबाव येतो. पण आधीची पातळी नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा? शिवाय कुणीतरी पाहतंय म्हणून सुरुवातीला सगळेच नीट वागतात; तो भर ओसरू द्यावा लागतो. उपाय सगळ्या विभागांत एकदम सुरू न करता एकेका विभागात टप्प्याने सुरू करायचा. ज्या विभागात उपाय सुरू होतो तिथेच आणि तेव्हाच सुधारणा दिसली, तर ती योगायोगाने झाली नाही असं म्हणता येतं.

मानसशास्त्रज्ञ जुडिथ कोमाकी आणि सहकाऱ्यांनी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका कारखान्यात नेमकं हेच केलं, आणि १९७८ साली निकाल प्रसिद्ध झाले. सुरक्षित कृती कोणत्या ते कामगारांना चित्रांसह दाखवलं, सुरक्षित कामाची टक्केवारी आलेखावर सगळ्यांसमोर लावली, सुपरवायझरनी चांगलं काम दिसलं की तसं सांगायचं. एका विभागात सुरक्षित कामाचं प्रमाण ७० वरून ९५.८ टक्क्यांवर गेलं, दुसऱ्यात ७८ वरून ९९.३ वर. मग मुद्दाम उपक्रम थांबवला. प्रमाण ७०.८ आणि ७२.३ वर आलं.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. लोकांना काय करायचं ते आता पक्कं माहीत होतं, तरी आलेख उतरताच वागणं जुन्या जागी गेलं. ज्ञान टिकलं, पण वागणं ज्या आधारावर उभं होतं तो आधार निघाला. संशोधक गेल्यावर आलेख कोण लावणार, हे पहिल्या दिवशी ठरलं नसेल तर सगळी मेहनत सहा महिन्यांत विरते.

## सुपरवायझरपासून सुरुवात

कामगारांच्या वागण्यापेक्षा सुपरवायझरच्या बोलण्यावर काम केलं तर? झोहार यांनी २००२ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. कामगारांना अधूनमधून थोडक्यात विचारायचं: तुमच्या सुपरवायझरशी शेवटचं बोलणं कशावर झालं? उत्पादनावर, की सुरक्षेवर? उत्तरांची बेरीज दर आठवड्याला सुपरवायझरला दाखवायची, आणि त्याच्या वरिष्ठालाही. कामगारांना वेगळं काही शिकवलं नाही. तरीही किरकोळ इजा घटल्या आणि कानात इअरप्लग घालण्याचं प्रमाण वाढलं. जिथे उपक्रम नव्हता तिथे बदल दिसला नाही.

कारण उघड आहे. कामगार कंपनीचं धोरण वाचत नाही, तो सुपरवायझरला वाचतो. सुपरवायझर दिवसभर फक्त टार्गेट विचारत असेल, तर सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, काय सांगितलं याला अर्थ उरत नाही.

## हा कामगारावर दोष ढकलायचा नवा मार्ग नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९३१ साली अमेरिकी विमा कंपनीतल्या एच. डब्ल्यू. हाइनरिश यांनी ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात असं लिहिलं. तो आकडा आजही स्लाइडवर फिरतो. पण त्यामागची मूळ कागदपत्रं आज तपासायला उपलब्ध नाहीत, आणि ती माहिती बरीचशी सुपरवायझर आणि मालकांच्या अहवालांतून आलेली होती. ज्यांच्यावर जबाबदारी येऊ शकते त्यांनीच कारण लिहिलं, तर बोट कुणाकडे जाणार?

यावर एक साधा नियम उपयोगी पडतो. यादीवर ‘असुरक्षित’ अशी खूण करायच्या आधी निरीक्षकाने विचारायचं: दिलेल्या वेळात, दिलेल्या साधनांनी, हे काम सुरक्षित रीतीने करता आलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर नोंद कामगाराच्या खात्यात न जाता साधनांच्या खात्यात जाते. महिन्याच्या आलेखावर दोन रेषा हव्यात: कृती किती सुधारल्या, आणि साधनांच्या किती तक्रारी निकाली निघाल्या. पहिली वर जातेय आणि दुसरी जमिनीला चिकटली आहे असं दिसलं, तर तो उपक्रम कामगारांच्या डोक्यावर चाललाय असं खुशाल समजावं.

लायडन आणि मँचेस्टर विद्यापीठांनी शेल या तेल कंपनीबरोबर १९८० च्या दशकात ‘ट्रायपॉड’ ही पद्धत बांधली ती याच दिशेने. चूक करणाऱ्या माणसाऐवजी तिच्या मागे आधीपासून दबा धरून असलेल्या ११ प्रकारच्या उणिवा तपासायच्या: रचना, देखभाल, कामाच्या पद्धती, संवाद, परस्परांशी भांडणारी उद्दिष्टं वगैरे. अपघात व्हायची वाट न पाहता.

## शून्य अपघाताला बक्षीस दिलं तर?

देऊ नका. एवढं स्पष्ट उत्तर या विषयात फार कमी प्रश्नांना देता येतं. ‘शंभर दिवस एकही अपघात नाही’ यावर सगळ्या गटाचा बोनस अवलंबून असेल, तर नव्व्याण्णवाव्या दिवशी बोट कापलेला माणूस रुमाल गुंडाळून काम करतो. सहकाऱ्यांचे पैसे बुडवणारा तोच ठरतो ना! बक्षीस द्यायचंच तर कळवलेल्या निअर मिसना आणि त्यावर झालेल्या दुरुस्त्यांना द्यावं.

किरकोळ इजांचा आकडा कमी असणं मोठ्या धोक्याबद्दल काहीच सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ जणांचा जीव गेला आणि १८० जखमी झाले. त्याआधी तिथे वैयक्तिक इजांचा दर घटलेला होता. पडणं, घसरणं, कापणं यांचा हिशेब वेगळा आणि तिथे झालं तसं ज्वलनशील द्रवाचा मनोरा भरून वाहण्याचा हिशेब वेगळा.

## खरोखर जीव वाचतात का?

२८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक प्रवासी विमान चाकांच्या बिघाडाचा शोध घेत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. १० जण दगावले. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमधल्या इतरांना दिसत होतं, पण कॅप्टनला ठामपणे कुणी थांबवलं नाही. त्यानंतर नासाने १९७९ साली कार्यशाळा घेतली, विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या संवादाचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि टेक्सास विद्यापीठातले रॉबर्ट हेल्मरिच यांच्या गटाने पुढे नेहमीच्या उड्डाणांत कॉकपिटमध्ये बसून निरीक्षणाची पद्धत घडवली. कुणाचंही नाव न नोंदवता. आज ही पद्धत जगभर वापरली जाते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केलेलं काम २००६ साली प्रसिद्ध झालं. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी, सगळं साहित्य एकाच गाडीवर, आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा नर्सला अधिकार. नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचं सरासरी प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आलं.

आणि मग कॅनडातला ऑन्टारिओ प्रांत. तिथे शस्त्रक्रियेआधीची सुरक्षा-यादी सक्तीची झाली. २०१४ च्या अभ्यासात १०१ रुग्णालयांतलं मृत्यूचं प्रमाण आधी ०.७१ टक्के, नंतर ०.६५ टक्के, इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. मिशिगनमध्ये यादीसोबत साहित्याची गाडी, थांबवायचा अधिकार आणि दर महिन्याचे आकडे होते. फर्मान काढून नुसता कागद पोचवता येतो. या बाकीच्या गोष्टी तिथल्या लोकांना बरोबर घेऊन उभ्या कराव्या लागतात.

## भागीदारी कुठे फसते

बहुतेकदा प्रश्नावलीनंतरच्या शांततेत. लोकांनी विश्वासाने लिहून दिलं आणि चार महिने काहीच कानावर आलं नाही, की पुढच्या फेरीत निम्मे कागद कोरे येतात. सहा आठवड्यांच्या आत निकाल कामगारांसमोर, त्यांच्या भाषेत, मांडावेत आणि लगेच करता येणाऱ्या दोन-तीन दुरुस्त्या त्याच बैठकीत तारखेसह जाहीर कराव्यात. निसरडी पायरी, न लागणारा दिवा, एका मापाचे हातमोजे: एवढ्या छोट्या असल्या तरी चालतील.

दुसरी खोट वेळापत्रकाची. विद्यार्थ्याचा प्रबंध संपला की विद्यापीठाचा रस संपतो, आणि प्लांट मॅनेजर बदलला की कंपनीचा. म्हणून करार किमान १८ महिन्यांचा असावा आणि त्यातले शेवटचे सहा महिने संशोधकांनी फक्त बाजूला उभं राहावं. निरीक्षणं कारखान्यातल्या प्रशिक्षित कामगारांनी करायची, आलेख त्यांनीच काढायचा, सुरक्षा समितीच्या बैठकीत तो पहिला विषय म्हणून त्यांनीच मांडायचा. संशोधक महिन्यातून एकदा येऊन वीसेक निरीक्षणं स्वतः करतात आणि कामगारांच्या नोंदींशी ताडून पाहतात. जुळणी ८० टक्क्यांच्या खाली गेली, तर कारखान्याला आकडे हळूहळू गोंडस होऊ लागल्याची पहिली खूण तिथे मिळते, आणि निरीक्षकांना पुन्हा एकदा यादी घेऊन मशीनजवळ उभं करता येतं.